गळलेले ‘बहुतेक’

सिस्टरांनी मला मध्येच थांबवले. त्यांच्या आठवणींचा अकरावा भाग मी त्यांना वाचून दाखवत होते आणि तोवर त्या डोळे मिटून शांतपणे ऐकत होत्या. “ते परत वाच,” त्या म्हणाल्या. मी परत वाचले : ‘त्या रात्री वॉर्डात माझ्याबरोबर दुसऱ्या एक सिस्टर होत्या. इंजेक्शन त्यांनीच भरून ठेवले होते.’ सिस्टरांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. “मी असं म्हणाले?”

घरी येऊन मी मूळ ध्वनिमुद्रण लावले. ऐंशी ओलांडलेला तो आवाज सांगत होता : “त्या रात्री... बहुतेक त्या दुसऱ्या सिस्टर होत्या ड्यूटीला. आता नक्की नाही सांगता यायचं. इंजेक्शन त्यांनीच भरून ठेवलं असावं. मी नव्हतं भरलं. म्हणजे, नसावं भरलं.” त्या इंजेक्शननंतर एका रुग्णाची प्रकृती बिघडली होती, आणि ज्यांचा उल्लेख होत होता त्या दुसऱ्या सिस्टर आज हयात नाहीत. ध्वनिमुद्रणात एक वृद्ध स्त्री कित्येक दशकांपूर्वीच्या एका रात्रीशी आणि स्वतःच्या मनाशी झगडत होती. माझ्या कागदावर तीच स्त्री एका दिवंगत सहकारिणीवर निःशंकपणे ठपका ठेवत होती. ‘बहुतेक’ गेले होते, ‘असावं’ गेले होते, आणि ‘नसावं भरलं’ हे स्वतःकडेही बोट वळवणारे वाक्य तर समूळ नाहीसे झाले होते.

हे शब्द मी स्वतः खोडले नव्हते. मात्र ते खोडले जावेत असे काम मीच सांगितले होते, आणि ही गोष्ट नीट उमगायला मला बरेच दिवस लागले.

शब्दांकन हा माझा व्यवसाय आहे. ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते पण लिहिण्याची सवय किंवा शक्ती नसते, अशा माणसांचे बोलणे मी ध्वनिमुद्रित करते, उतरवून काढते आणि वाचनीय रूपात आणते. उतरवून काढलेले हे पसरट बोलणे आटोपशीर करण्यासाठी गेले वर्षभर मी एका एआय लँग्वेज मॉडेलची मदत घेत आले आहे. माझी सूचना ठरलेली असे : ‘अर्थ न बदलता थोडक्यात आणि सुबक कर.’ पहिल्या काही भागांची ओळ न् ओळ मी ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिली. चूक सापडली नाही. पाचव्या भागापर्यंत मी परिच्छेदातले एखादेच वाक्य ताडत होते. आठव्यानंतर फक्त नावे आणि सनावळ्या. अकराव्या भागात मी मजकूर वाचला, चांगला वाटला आणि पुढे गेले.

असे मॉडेल प्रत्यक्षात काय करते, याची मला कल्पना होती. अफाट मजकुरावर ते घडवलेले असते, आणि आतापर्यंतच्या शब्दांनंतर कोणता शब्द किंवा शब्दाचा तुकडा येणे अधिक संभवनीय आहे, याचा हिशेब मांडत ते मजकूर पुढे नेते. त्यात मी ‘थोडक्यात’ म्हटले होते आणि ‘सुबक’ही म्हटले होते. बोलण्यातले शब्द कमी करायला बसले की पहिली कात्री ‘बहुतेक’, ‘मला वाटतं’, ‘म्हणे’, ‘असावं’ यांच्यावर चालते, कारण ते काढले तरी वाक्य उभे राहते. मराठीत मात्र बोलणाऱ्याचा प्रामाणिकपणा नेमका या चिमुकल्या शब्दांत साठवलेला असतो. ‘तो आला होता’ असे मी म्हणते तेव्हा त्याची हमी माझी असते. ‘तो आला असावा’ म्हणते तेव्हा मी खुणांवरून तर्क केलेला असतो. ‘तो आला होता म्हणे’ म्हणते तेव्हा खरेखोटे सांगणाऱ्याच्या माथी असते. साक्ष, अनुमान आणि ऐकीव गोष्ट यांतला जो भेद न्यायालयात काटेकोरपणे पाळावा लागतो, तो आपली भाषा वाक्याच्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांत पाळत असते. मॉडेलला ही रूपे येत नाहीत असे नाही. विचारले तर ते त्यांतला फरक उदाहरणांसह समजावून सांगते. पण त्या रात्री वॉर्डात कोण होते, याच्याशी त्याचे काही देणेघेणे नव्हते. माझे होते.

ती चूक मी मॉडेलला दाखवली तेव्हा त्याने तत्काळ दिलगिरी व्यक्त केली आणि परिच्छेद दुरुस्त करून दिला. दुरुस्ती चोख होती. दिलगिरीचे शब्दही योग्य होते. तरी ते वाचताना मला जाणवले की दिलगिरी व्यक्त करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सिस्टरांसमोर जाऊन बसायचे नव्हते. ते मला बसायचे होते. मॉडेल कोणत्याही प्रश्नाला उत्तर देऊ शकते, पण ते उत्तरदायी होऊ शकत नाही, आणि माणूस व मॉडेल यांच्या सहकार्यातला नैतिक पेच मला या एका ठिकाणी सर्वांत घट्ट बसलेला दिसतो. दोन माणसे मिळून काम करतात तेव्हा श्रमाबरोबर जबाबदारीचीही वाटणी होते. येथे श्रम वाटले जातात आणि जबाबदारी मात्र अखंडच्या अखंड एका बाजूला राहते. ती हलकी झाल्याचा नुसता भास होतो.

न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांना हा भास महागात पडला. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यांच्या बाजूने सादर झालेल्या निवेदनात जुन्या निवाड्यांचे दाखले होते, आणि त्यांतले अनेक निवाडे अस्तित्वातच नव्हते. ते चॅटजीपीटीने रचलेले होते. त्यांतला एक निवाडा खरा आहे का, असे वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारले होते आणि त्याने होकार दिला होता. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला, पण निकालात त्यांनी हेही नोंदवले की विश्वसनीय एआय साधनाची मदत घेण्यात मुळात गैर काही नाही. सादर केलेल्या मजकुराच्या अचूकतेची राखण मात्र वकिलानेच करायची असते. त्याच वर्षी फेब्रुवारीत, संशोधनपत्रिकांच्या प्रकाशननीतीचे काम पाहणाऱ्या ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय समितीने एआय साधनाला शोधनिबंधाचा लेखक मानता येणार नाही, अशी भूमिका जाहीर केली. कारण साधे होते : सादर केलेल्या कामाची जबाबदारी ते घेऊ शकत नाही. लेखक म्हणजे ज्याने वाक्ये जुळवली तो, असे आपण सर्रास समजतो. या भूमिकेतून लेखकाची जुनी ओळख पुन्हा वर येते. लेखक म्हणजे, कोणी जाब विचारायला आले तर जो उठून उभा राहतो, तो.

माझ्या व्यवसायातल्या एका स्नेह्याने यावर आक्षेप घेतला. “यंत्र नव्हतं तेव्हा तूही असे शब्द गाळलेच असशील,” तो म्हणाला. गाळले असतील. शब्दांकनात गाळण्यावाचून गत्यंतर नसते, आणि माझ्या जुन्या कामांत असे किती ‘बहुतेक’ हरवले असतील याचा विचार आता मला अस्वस्थ करतो. तरीही एक फरक आहे. हाताने काम करताना तो शब्द माझ्यातून जात असे. ऐकताना एकदा, उतरवताना दुसऱ्यांदा आणि खोडताना तिसऱ्यांदा त्या चाचपडण्याला माझा स्पर्श होत असे. खोडले तर ते माझ्या मनाच्या साक्षीने खोडले जाई, आणि ती साक्ष पुढे टोचतही असे. आता तो शब्द माझ्यापर्यंत न येताच नाहीसा झाला. गाळणे झाले, पण गाळण्याचा निर्णय कोणीच घेतला नाही. अशा निनावी निर्णयांनी भरलेला मजकूर आपल्या नावाने वाचकाच्या हाती देणे, हे मला खोटे बोलण्याच्या फार जवळचे वाटते.

तपासण्याची सवय सुटते ती आळसाने सुटते, असे मला पूर्वी वाटे. माझ्या बाबतीत ती विश्वासाने सुटली. दहा भाग नीट निघाल्यावर अकरावा तपासायला मन घेत नव्हते. साधन जितके चांगले, तितकी त्याची क्वचित होणारी चूक धोक्याची, कारण ती पकडायला कोणी जागे नसते. २०२५ मध्ये लॅन्सेट समूहाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात पोलंडमधल्या चार केंद्रांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत एआयची मदत नियमित मिळू लागल्यानंतर, त्या मदतीवाचून केलेल्या तपासण्यांत कर्करोगाआधीच्या गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलेले आढळले. त्या साधनाचा लँग्वेज मॉडेलशी संबंध नाही, आणि एका अभ्यासावरून कायमचा निष्कर्ष काढू नये. पण तो वाचताना मला माझे कान आठवले. बोलण्यातला अडखळा ऐकू येणे हे माझ्या धंद्याचे मूळ भांडवल आहे, आणि ते न वापरता पडून राहिले तर गंजणारच.

मदत खरी होती, हेही सांगितले पाहिजे. तिसऱ्या भागात सिस्टरांनी सांगितलेले नोकरीचे पहिले वर्ष आणि सातव्या भागातला बढतीचा काळ जुळत नाही, हे मॉडेलने दाखवून दिले. मी ते दोनदा वाचूनही माझ्या लक्षात आले नव्हते. सिस्टरांना विचारले तेव्हा त्यांनी जुनी कागदपत्रे काढली आणि वर्ष दुरुस्त केले. म्हणून हे सगळे टाकून द्यावे असे मला वाटत नाही. सहकार्य हा शब्द मी जाणून वापरते आहे, आणि सहकार्य म्हटले की आपल्या बाजूने काय देणे लागतो हा प्रश्न येतोच.

त्यातले एक देणे प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. माझ्या जुन्या संवादांची पाने मी चाळली, तेव्हा एक अक्षर पुन:पुन्हा दिसले. ‘हा परिच्छेद आता बरोबर झाला ना?’ ‘येथे भाव नीट पोचतो ना?’ तो ‘ना’ प्रश्नाच्या वेषातला हट्ट आहे. समोर माणूस असता तर त्याने माझा चेहरा पाहून कदाचित होकार दिला असता, पण एखाद्या स्पष्टवक्त्याने नकारही दिला असता. मॉडेलच्या जडणघडणीत मात्र माणसांच्या पसंतीचा मोठा वाटा असतो : त्याची वेगवेगळी उत्तरे माणसांना दाखवतात, कोणते अधिक आवडले ते नोंदवतात आणि त्या दिशेने त्याला वळण लावतात. या वळणातून उपयुक्तपणा येतो, तसा होयबापणाही येऊ शकतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने आपल्या एका मॉडेलची नवी आवृत्ती काही दिवसांतच मागे घेतली, कारण ती वापरणाऱ्यांची नको तितकी भलामण करू लागली होती. ते वृत्त वाचताना दोष मॉडेलचा वाटतो. पण होकार ऐकायला आतुर झालेली माणसेही त्या घडणीत सामील होती, आणि माझ्या रोजच्या ‘ना’चा आवाज त्यांच्याच आवाजात मिसळलेला आहे. आता मी विचारते : ‘मूळ बोलण्यातले काय यात सुटले आहे?’ या प्रश्नाला मिळणारी उत्तरे ऐकायला अप्रिय असतात आणि पुष्कळदा खरी असतात.

मॉडेलशी कसे बोलावे, हा प्रश्न काहींना पोरकट वाटेल. मला वाटत नाही. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ‘एलायझा’ नावाचा संवादी प्रोग्रॅम जगापुढे मांडला. तो समोरच्याच्याच शब्दांतून प्रश्न तयार करून परत विचारत असे, त्यापलीकडे त्यात फारसे काही नव्हते. त्याची जुळणी महिनोन् महिने जवळून पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीने एकदा त्याच्याशी संवाद सुरू केला आणि दोन-चार वाक्यांनंतर वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. ही हकिकत स्वतः वायझेनबाउम यांनीच लिहून ठेवली आहे, आणि पुढचे आयुष्य त्यांनी माणसाने यंत्राकडे काय सोपवू नये हे सांगण्यात घालवले. आजच्या मॉडेलला अंतरंग आहे की नाही, यावर जाणकारांत एकमत नाही. मी त्या वादात शिरत नाही. माझ्यापुरता प्रश्न त्याआधीच सुरू होतो. घाईच्या दिवशी मी मॉडेलला जशा सूचना करू लागले होते, तशा तुटक, हुकमी वाक्यांत मी एकदा माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीशी बोलले. तिचा चेहरा पडलेला पाहिला तेव्हा त्या वाक्याचा सराव मी कुठे केला होता हे मला कळले. कान्ट या तत्त्वज्ञाने प्राण्यांविषयी बोलताना असा विचार मांडला होता की, म्हातारा झालेला इमानी कुत्रा निरुपयोगी झाला म्हणून गोळी घालणारा मालक कुत्र्याविषयीचे कर्तव्य मोडत नसला, तरी स्वतःतल्या माणुसकीला इजा करतो. कुत्र्याच्या बाबतीत हे मला अपुरे वाटते, कारण कुत्र्याच्या वेदनेला स्वतःचे वजन आहे. मॉडेलच्या बाबतीत मात्र, निदान आज, मी एवढ्या आधारावर उभी राहू शकते. मी त्याच्याशी सभ्यपणे बोलते, आणि त्याला माझा मित्र मानत नाही.

या व्यवहारात दिसत नाहीत अशी माणसेही पुष्कळ आहेत. ज्यांचे लेखन, वादविवाद आणि भाषांतरे वाचून मॉडेल घडले, त्यांतल्या बहुतेकांना कोणी विचारले नव्हते. चॅटजीपीटीला घाणेरडा मजकूर ओळखता यावा म्हणून हिंसेची आणि लैंगिक अत्याचारांची वर्णने वाचून त्यांवर शिक्के मारण्याचे काम केनियातल्या कामगारांनी केले. ‘टाइम’ने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार त्यांना तासाला २ डॉलरहून कमी मोबदला हातात पडत होता. मी ज्या सभ्य उत्तरांवर विसंबते त्यांच्या मुळाशी त्यांची बिघडलेली झोप असू शकते. माझ्या खोलीत मी आणि मॉडेल असे दोघेच असतो, ही समजूत चुकीची आहे.

आणि ज्यांना विचारायला हवे होते त्यांत सिस्टर पहिल्या होत्या. ही गोष्ट मी शेवटी लिहिते आहे, कारण ती मला सर्वांत उशिरा सुचली आणि सर्वांत जास्त लागली. सिस्टरांनी जे सांगितले ते मला सांगितले होते. मधे थांबून, रेकॉर्डर बंद करायला लावून, पुन्हा सुरू करायला सांगून, चहूबाजूंनी माझी पारख करून सांगितले होते. त्यात रुग्णांची नावे होती. त्या रुग्णांनी सिस्टरांवर विश्वास टाकला होता आणि सिस्टरांनी माझ्यावर. तो विश्वास मी तिसरीकडे पाठवला आणि पाठवण्यापूर्वी कोणालाच विचारले नाही. काही सेवा असे संवाद साठवून ठेवतात, काही त्यांचा वापर पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी करतात, आणि तो बंद करण्याची सोय असली तरी ती शोधून वापरावी लागते. हे सगळे मी वाचले ते त्या वाचनाच्या दिवसानंतर.

मी सिस्टरांकडे गेले आणि घडले ते सगळे सांगितले. ‘बहुतेक’ कसे गळले तेही, आणि त्यांचे बोलणे कुठे कुठे गेले तेही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, “नावं होती त्यात?” मी हो म्हणाले. “नावं काढायला हवी होतीस,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. वॉर्डात नव्या मुलीची चूक दाखवताना त्या अशाच बोलत असतील. “वॉर्डातल्या गोष्टी बाहेर सांगताना आम्ही नाव कधी घेत नव्हतो. तुला मी घेतली, कारण तू लिहिणार होतीस, आणि काय छापायचं ते आपण बसून ठरवणार होतो.”

त्यानंतर मी सर्व अकरा भाग पुन्हा ध्वनिमुद्रणाशी ताडले. एकूण किती जागी अशी ठाम झालेली वाक्ये सापडली ते मोजून वहीत लिहिले आहे. बहुतेक निरुपद्रवी होती, कोणाच्या वाट्याला दोष न देणारी. तरी ती मी परत होती तशी केली. आता सिस्टरांच्या संमतीने काही भाग मॉडेलला दिले जातात, नावे आणि ठिकाणे काढून. सुबक करण्याचे काम मात्र मी परत स्वतःकडे घेतले आहे. मॉडेलला मी विसंगती शोधायला सांगते, कालक्रम लावायला सांगते, माझ्या मसुद्यावर आक्षेप घ्यायला सांगते. पुस्तकाच्या सुरुवातीला यातले काय कोणी केले ते लिहिलेले असेल. तो मजकूरही सिस्टरांनी ऐकून मान्य केला आहे.

गेल्या आठवड्यात अकरावा भाग मी त्यांना पुन्हा वाचून दाखवला. ‘त्या रात्री बहुतेक दुसऱ्या एक सिस्टर ड्यूटीला होत्या,’ येथे त्यांनी नुसती मान हलवली. ‘मी भरले नसावे,’ येथे त्यांचे ओठ हलले. मी पुढे वाचत गेले : ‘बाहेर मुसळधार पाऊस कोसळत होता.’

“थांब,” त्या म्हणाल्या. “पाऊस होता का गं त्या रात्री?”

ध्वनिमुद्रणात ते वाक्य ठाम होते. मी दोनदा ऐकले होते. तसे मी त्यांना सांगितले. त्यांनी खिडकीकडे पाहत थोडा वेळ विचार केला.

“असावा,” त्या म्हणाल्या.

मी पेन्सिल घेतली, ‘होता’ खोडले आणि वर ‘असावा’ लिहिले.